अडीच टनी ट्रक आणि मसुराची डाळ

बायको माहेरी गेली की लोक म्हणे पार्ट्या करतात. मी मोबाईलचा टॉर्च लावून फरशीवर पालथा पडलेला होतो, कारण ट्रकचा हेडलाईट उडाला होता.

ट्रक म्हणजे सुटे भाग जोडून करायचं छोटं मॉडेल, जीएमसी कंपनीचा सीसीकेडब्ल्यू, दुसऱ्या महायुद्धातला अमेरिकन सैन्याचा अडीच टनी मालवाहू. खरी गाडी साडेसहा मीटरच्या आसपास, माझी १/३५ स्केलची, म्हणजे पस्तीस पट लहान, वीतभर. नावातलं अक्षर न् अक्षर कामाचं आहे बरं का, पहिला सी म्हणजे १९४१ चं डिझाईन, के म्हणजे पुढच्या चाकांनाही इंजिनाची ओढ, डब्ल्यू म्हणजे मागे इंजिनाने फिरणारे दोन अ‍ॅक्सल. हे मी आईला जेवताना समजावून सांगितलं, ती म्हणाली, "भात घे अजून."

चाकं दहा, वर स्टेपनी. प्रत्येक टायरवर जोडाची रेघ असते ती पॉलिश पेपरने घासायची, आणि दहावं घासून होईपर्यंत पहिलं कुठे ठेवलं ते आठवत नाही. मग चासी. स्प्रिंगा, शाफ्ट, गिअरचा डबा, सगळं चिमट्यात धरून चिकटवायचं, वाळल्यावर वाकडं झालंय हे बघून परत काढायचं, आणि एकदा ट्रक चाकांवर उभा राहिला की हे कोणालाही कधीही दिसणार नाही. मला दिसणार नाही तर इतरांचं सोडाच.

खरे ट्रक मात्र कसले पळाले! १९४४ च्या ऑगस्टमध्ये फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या नॉर्मंडीतून सुटलेलं अमेरिकन सैन्य इतकं पुढे गेलं की मागून पेट्रोल पोचेना, फ्रान्सची रेल्वे तर यांनीच बॉम्ब टाकून मोडून ठेवलेली. मग रेड बॉल एक्सप्रेस नावाने रात्रंदिवस ट्रकची रांग लावली, भरात असताना जवळपास ६ हजार गाड्या. ड्रायव्हर बहुतेक कृष्णवर्णीय, ज्यांना त्यांचंच सैन्य बंदूक द्यायला कुरकुरायचं. पठ्ठ्यांनी वेग आवरणारे गव्हर्नर काढून टाकले आणि हाणल्या गाड्या. रस्त्यात फेकलेल्या रेशनच्या रिकाम्या डब्यांनी टायर फाटायचे तरी २५ ऑगस्ट ते १६ नोव्हेंबरमध्ये ४ लाख टनांवर माल पोचवला. तेवढ्या दिवसात माझी चासी झाली.

तर हेडलाईट. पाच मिलिमीटरचा, मी त्याला छान चांदीचा रंग दिलेला. चिमट्यात जरा जास्त दाबला गेला, टुण्ण आवाज आला आणि गायब. सोफा हलवला, कपाटाखाली झाडू घातला, केराची सुपली चाळली. त्यात दोन शेंगदाणे, एक टिकली आणि मागच्या ट्रकचा आरसा सापडला (तो ट्रक आरशाविना देऊनसुद्धा झाला एकाला).

शेवटी स्वयंपाकघरात गेलो. साबुदाणा फार गोल, तूरडाळ मोठी, पण मसुराची डाळ! एक बाजू सपाट, दुसरी फुगीर, अगदी काचेसारखी. रंगवली, चिकटवली. त्यात बोटही चिकटलं, ते सोडा. मग ऑलिव्ह ड्रॅब म्हणजे सैनिकी मातकट हिरवा रंग, दारावर पांढरा तारा, मडगार्डवर चिखल. बायको आली, बघून म्हणाली, "अहो, धूळ तर आधीच बसलीय की यावर." ती धूळ करायला मला दोन रात्री लागल्या होत्या.

दोन महिन्यांनी आई सराफाकडून आली ती भडकूनच. "तुझ्यामुळे चारचौघात शोभा झाली माझी."

"मी काय केलं?"

"कानातल्याची फिरकी म्हणून दिवाणाखालून उचलून डबीत जपून ठेवलेली, चांदीची वाटली मला. त्याने काट्यावर ठेवली तर काटा हलेचना. चिमट्यात धरून भिंग लावलं आणि म्हणतो, आजी, हा गाडीचा दिवा आहे."

मी विचारलं, "त्याला कसं कळलं?"

आई म्हणाली, "तोही करतो म्हणे. विमानं."