फक्त एक भाग बघू आणि झोपू

रात्रीची जेवणं उरकली, ओटा पुसून झाला, दुधाला विरजण लागलं की घराघरांत एक वाक्य ऐकू येतं : ‘फक्त एक भाग बघू आणि झोपू.’ बोलणाऱ्याला ते खोटं असल्याचं माहीत असतं, ऐकणाऱ्यालाही असतं. तरी निवडणुकीच्या जाहीरनाम्यासारखं दोघंही ते गंभीर चेहऱ्याने घेतात.

पण सगळा दोष आपल्या माथी घ्यायला मी तयार नाही. ‘एक भाग’ हे माप आता मापच राहिलेलं नाही. टीव्हीवर अर्ध्या तासाचा कार्यक्रम जाहिराती वगळून बावीस-तेवीस मिनिटांचा असायचा, कारण साडेनऊला पुढच्याची पाळी ठरलेली असायची. स्ट्रीमिंगवर मागे कुणी ताटकळत उभं नाही. त्यामुळे ‘स्ट्रेंजर थिंग्ज’च्या चौथ्या सीझनचा (२०२२) शेवटचा भाग दोन तास वीस मिनिटांच्या घरात गेला. याला भाग म्हणायचं, तर सिनेमाला काय प्रोमो म्हणायचं? तेव्हा बसण्याआधी पोस्टर बघू नका, मिनिटं बघा. भागाच्या नावाशेजारी ती बारीक अक्षरांत लिहिलेली असतात. साडेदहानंतर चाळीसच्या वरचा आकडा दिसला तर रिमोट खाली ठेवावा. कुणी ठेवत नाही, तो भाग वेगळा.

मिनिटांच्या खालोखाल फसवतात ती लेबलं. दिवसभर ऑफिसात पिळून निघालेला माणूस ‘काहीतरी हलकंफुलकं लाव’ म्हणतो आणि कॉमेडीच्या रांगेतून ‘द बेअर’ लागते. शिकागोतलं सँडविचचं हॉटेल, भावाने आत्महत्या केलेली, डोक्यावर कर्ज, आणि स्वयंपाकघरात प्रत्येक जण प्रत्येकावर ओरडतोय. पहिल्या सीझनचा सातवा भाग जवळजवळ सगळा एका अखंड, म्हणजे कॅमेरा न थांबवता घेतलेल्या, शॉटमध्ये आहे. तो बघताना रक्तदाबाचं यंत्र जवळ असलेलं बरं. दुसऱ्या सीझनमधलं नाताळचं जेवण तासाहून लांब चालतं. त्यात टेबलावरून काटे फेकून मारले जातात आणि शेवटी आई गाडी थेट घराच्या भिंतीतून आत घालते. अमेरिकी टीव्हीच्या एमी पुरस्कारांच्या दफ्तरी ही कॉमेडी!

याला थोडा इतिहास आहे. २०१५मध्ये एमीवाल्यांनी ठरवलं की अर्ध्या तासाची ती कॉमेडी आणि तासाची ती ड्रामा. म्हणजे माणूस हसला की रडला हे न बघता घड्याळ बघायचं. २०२१च्या अखेरीस हा नियम गेला, पण सवय राहिली. सप्टेंबर २०२४मध्ये ‘द बेअर’ने ११ एमी घेऊन कॉमेडीचा विक्रम केला. फक्त सर्वोत्तम कॉमेडीचा पुरस्कार तेवढा ‘हॅक्स’ला गेला. मतदारांनी शेवटच्या क्षणी ‘आपल्याला नक्की हसू आलं होतं का?’ असं स्वतःला विचारलं असणार. पुढच्याच वर्षी ‘द स्टुडिओ’ने १३ एमी घेऊन तो विक्रम मोडला, आणि मला तो निकाल मान्य आहे. त्यातला दुसरा भाग बघा : एक दिग्दर्शिका मावळत्या उन्हात एक अखंड शॉट घेऊ बघते, स्टुडिओचा प्रमुख कौतुकाने सेटवर येऊन त्याची वाट लावतो, आणि तो भाग स्वतःही अखंड शॉटसारखाच बांधलेला आहे. अर्ध्या तासाच्या आत खेळ खलास. ‘द बेअर’ वाईट नाही, उत्तम आहे. शनिवारी संध्याकाळी, पोटात काहीतरी घालून बघावी.

आपल्याकडे ‘पंचायत’चं दुखणं उलटं आहे. २०२०च्या पहिल्या सीझनमध्ये एका भागाचा सगळा पेच काय, तर सचिवजींनी आणलेली चाकांची खुर्ची! तीवरून गावात मानापमान, लग्नघरात रुसवा. एवढ्याशा गोष्टीत आख्खं फुलेरा गाव दिसलं. २०२५च्या चौथ्या सीझनमध्ये निवडणूक आली, चिन्हं म्हणजे मंजू देवींची दुधी विरुद्ध क्रांती देवींचा कुकर, आणि आठ भाग दुधी शिजतच राहिली. नट तेच, बाकावर बसणंही तेच. पण पूर्वी भागाला स्वतःची गोष्ट असायची, आता भाग पुढच्या भागाची तयारी करतो. प्रधानजींना गोळी लागली मे २०२४मध्ये, आणि ती कुणी झाडली या प्रश्नासाठी प्रेक्षक जून २०२५पर्यंत लटकला. हे प्रकरण फुलेऱ्याचं नाही, कुठल्याही गुन्हेगारी मालिकेचं वाटतं.

खऱ्या गुन्हेगारी मालिकेचं म्हणाल तर ‘पाताल लोक’चा दुसरा सीझन मला पहिल्याइतकाच आवडला. अविनाश अरुण यांनी तो नागालँडात नेला. पात्रं आपापसांत स्थानिक भाषेत बोलतात, म्हणून सबटायटल वाचणं आलं. सबटायटल वाचताना शेंगा सोलता येत नाहीत, मोबाइल चाळता येत नाही. त्यामुळे निम्मं घर अर्ध्या तासात बाहेर पडतं आणि उरलेलं निम्मं नीट बघतं.

दोन सीझनमधलं अंतर ही आणखी एक पीडा. ‘सेव्हरन्स’चा पहिला सीझन एप्रिल २०२२मध्ये संपला, दुसरा जानेवारी २०२५मध्ये आला. ऑफिसात गेलं की घर विसरायचं आणि घरी आलं की ऑफिस विसरायचं, असं डोक्याचं ऑपरेशन झालेल्या माणसांची ही गोष्ट. मधल्या काळात प्रेक्षक दोन्हीकडचं विसरला. अशा वेळी सुरुवातीच्या दोन मिनिटांच्या ‘आत्तापर्यंत’वर विसंबू नका. त्यात फक्त दारं उघडतात आणि माणसं दचकतात. मागच्या सीझनचा शेवटचा भाग पूर्ण बघावा, उजळणीला तेवढं पुरतं.

‘अ‍ॅडोलेसन्स’ने मात्र हा सगळा पसारा टाळला. मार्च २०२५, चार भाग, प्रत्येक भाग एकाच शॉटमध्ये, विषय संपला. तिसऱ्या भागात एक खोली, एक मुलगा, एक मानसशास्त्रज्ञ, आणि बघणाऱ्याला घोटभर पाणी प्यायचंही भान राहत नाही. मात्र इथे मध्येच ‘पॉज’ करून चहा टाकायला उठलात तर बांधलेला ताण सुटतो. चहा आधी करून ठेवा.

आता आवाज. नायक कुजबुजतो म्हणून आपण आवाज ३० वर नेतो, तेवढ्यात स्फोट होतो आणि शेजारचे काका भिंत ठोकतात. टीव्ही बिघडलेला नसतो. नेटफ्लिक्सच्या तांत्रिक अटींनुसार शून्य हा सर्वांत मोठा आवाज धरून संवादांची सरासरी पातळी उणे २७च्या आसपास ठेवायची असते, आणि धमाक्याला वर उणे २ डेसिबलपर्यंत मोकळं रान असतं. थिएटरात ही दरी छान वाटते. टीव्हीचे चिमुकले स्पीकर मात्र तळाशी, तोंड जमिनीकडे करून बसवलेले. त्यात ५.१ चा, म्हणजे सहा स्पीकरांसाठी बनवलेला, आवाज दोन स्पीकरांत कोंबला की मधल्या चॅनेलमधले संवाद दबतात. म्हणून ऑडिओच्या यादीत ‘५.१’ लिहिलेला पर्याय सोडून साधा घ्यावा आणि टीव्हीच्या सेटिंगमध्ये ‘नाइट मोड’ असेल तर लावावा. तिथे गेलातच आहात तर चित्र गुळगुळीत करणारं ‘मोशन’वालं बटणही बंद करा. ते चालू असलं की ‘सेव्हरन्स’सुद्धा दुपारी दीडच्या सासू-सुनांसारखी दिसते.

वडीलधारी मंडळी सोबत असतील तर सुरुवातीला कोपऱ्यात उमटणारी पाटी वाचावी. ‘यू/ए १६+’ हा नुसता आकडा कामाचा नाही, त्यापुढचे शब्द कामाचे. ‘हिंसा’ चालते, गळे कापले जात असताना आजी शांतपणे वाती वळते. ‘भाषा’ असेल तर खोकला तयार ठेवावा. तिसरा शब्द दिसला की बातम्या लावाव्यात. दहा सेकंद पुढे नेणाऱ्या बटणाचा भरवसा धरू नका. कमी वेळा दाबलं तर नको तिथेच थांबतं, जास्त दाबलं तर खुनी कोण ते निसटतं.

राहता राहिलं थांबणं. पुढचा भाग आपोआप सुरू होणं बंद करता येतं. नेटफ्लिक्सवर ब्राउझरमधून प्रोफाइलच्या प्लेबॅक सेटिंगमध्ये ती खूण काढायची, मग टीव्हीवर एकदा दुसऱ्या प्रोफाइलमध्ये जाऊन परत यायचं, म्हणजे बदल लागू होतो. ही खूण प्रत्येक प्रोफाइलची वेगळी असते, म्हणून नवऱ्याच्या प्रोफाइलवरून बघितलं की बायकोचा निर्धार वाया जातो. पण खरी मेख भागाच्या शेवटात आहे. तिथे बंदूक रोखलेली असते किंवा दार वाजलेलं असतं, तिथे थांबणं माणसाच्या आवाक्यातलं नाही. म्हणून शेवटी थांबूच नये. पुढचा भाग लावावा. बंदुकीचं काय झालं ते पाच-सात मिनिटांत कळतं, मग लेखक नवे धागे पसरायला लागतो आणि दहाव्या मिनिटाला मालिका जरा कंटाळवाणी होते. नेमकं तेव्हा बंद करावं, झोप लागते.

आणि जोडीदार झोपल्यावर पुढचं चोरून बघणारच असाल, तर भागाच्या चित्राखालची ती लाल रेघ पुरावा ठेवते हे लक्षात असू द्या. बघून झाल्यावर भाग परत उघडून जिथून सुरू केला होता तिथपर्यंत मागे न्यावा आणि मग बाहेर पडावं. एवढं करूनही बहुतेक जण दुसऱ्या रात्री पकडले जातात, कारण दार उघडायच्या आधीच ते ‘अगं बाई’ म्हणतात.