हुर्यो

मागच्या डिसेंबरात एका सोमवारी रात्री आम्ही बापलेक टीव्हीसमोर बसलो होतो. अमेरिकन फुटबॉल, इंडियानापोलिस कोल्ट्सची घरच्या मैदानावरची मॅच. आमचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू, टाचेची नस तुटून बाहेर गेला होता, म्हणून संघाने थेट फिलिप रिव्हर्सला फोन केला होता. वय ४४. निवृत्त होऊन जवळजवळ पाच वर्षं झालेली, अलाबामात शाळेच्या पोरांना फुटबॉल शिकवत होता. दहा मुलांचा बाप आणि नुकताच आजोबा. पोट थोडं सुटलेलं. तो मैदानात आला आणि लोक असे ओरडले की मलाही भरून आलं.

तेवढ्यात पोरगा चिवड्याचा बकाणा भरत म्हणाला, “बाबा, त्या अँड्र्यू लकला तू याच स्टेडियममध्ये बू केलं होतंस ना?”

मी चहा करायला उठलो. रात्री साडेनऊला आमच्याकडे कोणी चहा पीत नाही.

लक म्हणजे आमचा जुना क्वार्टरबॅक. तर ती गोष्ट आज लिहितो. सहा वर्षांत मी ती कुणाला सांगितली नाही, म्हणजे अर्धीच सांगितली. “आम्ही त्या मॅचला होतो” एवढं सगळ्यांना सांगितलं, “लोकांनी काय हुर्यो उडवली” हेही सांगितलं. त्या लोकांत मीही होतो, हा तपशील दर वेळी गाळला.

आम्ही इंडियानातल्या कोलंबसला राहतो. पुण्यातल्या, विशेषतः कोथरूडच्या लोकांना हे गाव सांगावं लागत नाही. इंजिनं बनवणाऱ्या कमिन्स कंपनीचं मुख्य ऑफिस इथे असल्यामुळे इथल्या किराणा दुकानात पोह्यांच्या रॅकपाशी हमखास कोणीतरी “अरे, तू पण?” म्हणून भेटतो. इंडियानापोलिस इथून गाडीने पाऊण तास. मी २००९ मध्ये आलो तेव्हा फुटबॉल म्हणजे पायाने खेळायचा खेळ एवढंच माहीत होतं. इथल्या फुटबॉलमध्ये पायाचं काम फार थोडं, आणि ज्याच्यावर सगळं अवलंबून तो क्वार्टरबॅक तर चेंडू हाताने फेकतो.

त्याचं काम थोडक्यात सांगतो. चेंडू हातात आल्यावर त्याला विचार करायला मिळतात जेमतेम तीन सेकंद. तेवढ्यात कोण मोकळा आहे ते बघायचं, समोरच्यांचा डाव ओळखायचा आणि चेंडू फेकायचा. त्याच वेळी सव्वाशे-दीडशे किलोची माणसं त्याला आडवं करायला धावत येत असतात. आपल्या बाजूचे पाच धिप्पाड गडी त्यांना अडवतात. ते पाच जण कच्चे निघाले तर सगळं त्याच्या बरगड्यांवर येतं. हे पुढे लागणार आहे, लक्षात ठेवा.

इंडियानापोलिसला १९९८ पासून पेटन मॅनिंग होता. त्याने सुपर बोल, म्हणजे इथल्या लीगची अंतिम मॅच, जिंकून दिली. स्टेडियमबाहेर आज त्याचा पुतळा आहे. २०११ चा अख्खा हंगाम मॅनिंग मानेच्या दुखण्यामुळे बाहेर बसला आणि कोल्ट्स १६ पैकी १४ मॅचेस हरले. या लीगमध्ये जो तळाला राहतो त्याला कॉलेजमधून येणाऱ्या खेळाडूंत पहिली निवड मिळते, आणि त्या वर्षी स्टॅनफर्डमधून अँड्र्यू लक येणार होता. देशभर घोषणाच निघाली होती, ‘सक फॉर लक’. म्हणजे हरा, पण लक मिळवा. आमच्या ऑफिसातली मोठी माणसं आपला संघ हरल्यावर गालात हसायची, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. मॅनिंगला संघाने सोडून दिलं आणि २०१२ मध्ये लक आला.

म्हणजे हा पोरगा आम्ही जणू एक हंगाम गहाण टाकून आणला होता. पुढच्या सगळ्या गोष्टीचं मूळ मला तिथे दिसतं.

लक माणूस म्हणून मजेशीर. स्थापत्यरचना शिकलेला. सगळं जग स्मार्टफोनवर असताना हा जुना घडीचा फोन वापरायचा. पुस्तकवेडा इतका की वाचकांसाठी स्वतःच्या नावाने बुक क्लब चालवला. आणि मैदानावर एक विचित्र सवय: समोरच्याने उचलून आपटलं की उठून त्यालाच म्हणायचा, मस्त टॅकल होता! प्रतिस्पर्धी गोंधळून जायचे. शिवी द्यावी की आभार मानावेत!

मी त्याचा खरा भक्त झालो जानेवारी २०१४ मध्ये. प्लेऑफ, समोर कॅन्सस सिटी, आणि तिसऱ्या क्वार्टरमध्ये आम्ही ३८-१० असे मागे. बायको म्हणाली, बंद कर आता. मग लकने एकेक करून गाडी ओढायला घेतली. एका क्षणी आमच्याच गड्याच्या हातून गोलरेषेजवळ चेंडू निसटला, दुसऱ्या कुणाला तरी आपटून उडाला, तो लकने पकडला आणि सरळ सूर मारला. टचडाऊन, म्हणजे चेंडू रेषेपार! ४५-४४ ने जिंकलो. त्या रात्री मी १२ नंबरची निळी जर्सी ऑनलाइन मागवली, आणि पुढे पोराला कळायला लागल्यावर त्यालाही एक छोटी.

आता ती रात्र. शनिवार, २४ ऑगस्ट २०१९. शिकागो बेअर्सविरुद्ध सरावाची मॅच. या सराव-मॅचेसना कोणी विचारत नाही. ज्यांच्याकडे हंगामाची तिकिटं असतात त्यांना यांचीही घ्यावी लागतात, मग ते ती वाटून टाकतात. आम्हाला ऑफिसातल्या एकाने दिली होती. मुलगा तेव्हा नऊ वर्षांचा. लक खेळत नव्हता, पोटरी-घोट्याचं काहीतरी दुखणं महिनोन्महिने चाललेलं. तो शॉर्ट्स-टीशर्टमध्ये बाजूच्या रेषेवर गप्पा मारत उभा होता. पोरगा दुर्बिणीतून मॅच सोडून त्यालाच बघत होता.

चौथा क्वार्टर. आम्ही निघायच्या बेतात. पुढच्या रांगेतला एक माणूस फोनकडे बघून उठून उभा राहिला आणि परत बसला. मग त्याच्या शेजारचा. मग सगळीकडे मान खाली घातलेली माणसं, प्रत्येकाच्या तोंडावर फोनचा उजेड. ईएसपीएनच्या अ‍ॅडम शेफ्टरने बातमी फोडली होती: लक निवृत्त होतोय. वय २९. हंगाम दोन आठवड्यांवर.

आणि तो तिथे, खाली, आमच्या डोळ्यांसमोर उभा.

मॅच संपली आणि तो आत जायला निघाला तसा आवाज सुरू झाला. आधी वरच्या कठड्यावरून एक-दोघांचा, मग पसरत गेला. सगळे नव्हते ओरडत, हेही सांगायला हवं. काही जण टाळ्या वाजवत होते, पुष्कळ जण नुसते उभे होते. मी तोंडाभोवती दोन्ही हात धरले आणि बू केलं. हुर्यो हा शब्द मी कॉलेजच्या गॅदरिंगनंतर वापरला नव्हता, पण ती उडवण्याची कला अंगात शाबूत होती. अंगावर जर्सी त्याचीच, १२ नंबर.

पोरगा माझ्याकडे बघत होता. ओरडला नाही.

घरी जाताना गाडीत रेडिओवर पत्रकार परिषद ऐकली. त्याने ठरवलं होतं दुसऱ्या दिवशी सांगायचं, पण बातमी फुटल्यावर तसाच माइकसमोर आला. आवाज भरलेला. म्हणाला, चार वर्षं झाली, दुखापत, वेदना, उपचार, पुन्हा दुखापत, हे चक्र थांबत नाही आणि त्याने खेळातला आनंद काढून घेतलाय. हुर्योबद्दल विचारलं तर म्हणाला, हो, ऐकली, आणि खरं सांगायचं तर लागली मनाला. मी रेडिओचा आवाज कमी केला. पोरगा मागे झोपलाय असं मी ठरवून टाकलं.

त्याच्या शरीराचा हिशेब त्या आठवड्यात सगळीकडे छापून आला. बरगड्यांची कूर्चा फाटलेली. पोटाचा स्नायू अर्धवट फाटलेला. मूत्रपिंडाला चीर, लघवीतून रक्त. किमान एकदा डोक्याला मार बसून मेंदूला धक्का. फेकायच्या खांद्याची आतली कड फाटलेली, त्यावर शस्त्रक्रिया, त्यापायी २०१७ चा पूर्ण हंगाम गेला. त्यातली मूत्रपिंडाची दुखापत नोव्हेंबर २०१५ मध्ये डेन्व्हरविरुद्धच्या मॅचमधली. ती मॅच तो शेवटपर्यंत खेळला आणि जिंकून दिली. आम्ही त्या दिवशी घरी पावभाजी केली होती. मला पावभाजी आठवते, त्याला काही झालंय हे मला दिसलंसुद्धा नव्हतं.

आणि ते पाच गडी? वर्षानुवर्षं कच्चेच. २०१६ मध्ये त्याला ४१ वेळा चेंडूसकट जमिनीवर पाडलं. २०१८ मध्ये अखेर संघाने ती भिंत नीट बांधली, तो आकडा १८ वर आला, लकने ३९ टचडाऊन फेकले आणि पुनरागमनाचा पुरस्कार घेतला. पण तोवर माल खराब होऊन गेला होता. ज्यांनी सहा वर्षं भिंत बांधली नाही त्यांच्या नावाने त्या रात्री कोणी ओरडलं नाही. मीही नाही.

दुसऱ्या दिवसापासून जी चर्चा झाली ती तुम्ही कल्पनेने लिहू शकाल. एका क्रीडा-सूत्रधाराने लिहिलं की उपचार कठीण म्हणून निवृत्त होणं हे या मिलेनियल पिढीचंच लक्षण. जुना क्वार्टरबॅक ट्रॉय एकमन त्या सूत्रधारावर असा काही तुटून पडला की बरं वाटलं. आमच्या मराठी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मुद्दा पैशाचा. “एवढे कोटी घेतले आणि गाशा गुंडाळला.” वास्तविक करारातली पुढची वर्षं त्याने स्वतःच सोडली होती. आधी दिलेल्यापैकी सुमारे अडीच कोटी डॉलर संघाला परत मागता आले असते, ते मालकाने मागितले नाहीत अशा बातम्या होत्या. माझ्या वडिलांना फोनवर सांगितलं तर त्यांनी एकच विचारलं, “वय काय?” एकोणतीस म्हटल्यावर म्हणाले, “मग मिळेल की दुसरी नोकरी.” त्यांना फुटबॉल कळत नाही, पण मिळाली खरंच. २०२४ च्या अखेरीस तो स्टॅनफर्डच्याच फुटबॉल संघाचा जनरल मॅनेजर झाला.

आपल्याकडे जुने क्रिकेटपटू विजय मर्चंट यांच्या नावाने एक वाक्य सांगतात, की लोक ‘का?’ विचारतात तेव्हा निवृत्त व्हावं, ‘अजून का नाही?’ विचारेपर्यंत थांबू नये. मी ते लहानपणापासून ऐकत आलोय, वडिलांनी ते प्रत्येक खेळाडूला लावून पाहिलं. लकने नेमकं तेच केलं. पण त्या वाक्यात लोक ‘का?’ हे हळहळत, रुमाल काढून विचारतात असं गृहीत धरलंय. लोक तसं विचारत नाहीत. घरातलं कोणी न सांगता निघून गेल्यावर ज्या आवाजात विचारतात, त्या आवाजात विचारतात.

आणि आपण काही वेगळे नाही. नोव्हेंबर २०१३ मध्ये वानखेडेवर सचिन खेळपट्टीला हात लावून परत फिरला तेव्हा मी इथे मध्यरात्र उलटून गेल्यावर एकटा रडत होतो. सगळ्या देशाला ते दृश्य पाठ आहे. पण त्याच वानखेडेवर मार्च २००६ मध्ये, इंग्लंडविरुद्ध, २१ चेंडूंत १ धाव करून तो परत येत असताना प्रेक्षकांतल्या काहींनी त्याचीच हुर्यो उडवली होती. तेव्हाही त्याच्या खांद्याचं दुखणं चालूच होतं. मी तेव्हा पुण्यात होतो. वडिलांनी उठून टीव्ही बंद केला आणि संध्याकाळपर्यंत कोणाशी बोलले नाहीत. मला त्या मुंबईकरांची चीड आली होती. कसली माणसं, म्हटलं होतं मी.

२०२२ मध्ये माझा उजवा खांदा आखडला. फ्रोझन शोल्डर. मी कोणाला टॅकल केलेलं नाही, नुसती चाळिशी. वरच्या फळीवरचा पोह्यांचा डबा काढता येईना. फिजिओथेरपिस्ट बाई भिंतीवर बोटं चालवायला लावायची, रोज एक इंच वर. रात्री कूस बदलली की जाग. चौथ्या महिन्यात मी जाणं बंद केलं. कंटाळा आला होता, बाकी कारण नाही. डॉलरांचा प्रश्न नव्हता, मैदान नव्हतं, कोणी पाहत नव्हतं. हात अजून पूर्ण वर जात नाही. हजारो लोकांसमोर नाही, बायकोसमोर सुद्धा मी हे कबूल करताना “बरं वाटतंय आता” असं म्हणालो होतो.

मी चिडलो कशाने, याचा विचार पुष्कळ केला. तो गेला म्हणून नाही. मॅनिंग गेला तेव्हा वाईट वाटलं, चीड नव्हती. उलट २०१३ मध्ये तो डेन्व्हरकडून आमच्याविरुद्ध खेळायला आला तेव्हा अख्खं स्टेडियम त्याच्यासाठी उभं राहिलं. त्याला संघाने काढलं होतं ना. संघ काढू शकतो. हा कोल्ट्स संघच मुळात मार्च १९८४ मध्ये बॉल्टिमोरहून रातोरात ट्रक भरून पळून आलेला, आणि त्या पळून येण्याचा आम्हा इंडियानावाल्यांना केवढा अभिमान! पण खेळाडूने स्वतःहून, आपल्या सोयीने, हात वर करून ‘बस’ म्हणणं आम्हाला चालत नाही. त्याच्या खांद्यावर आम्ही पुढच्या दहा वर्षांचे रविवार टाकून ठेवले होते, त्याला न विचारता.

चहा घेऊन परत आलो तेव्हा रिव्हर्सने एक झकास पास टाकला होता आणि पोरगा सोफ्यावर उभा होता. मी म्हटलं, “हो, केलं होतं बू.” तो बसला, टीव्हीवरची नजर न काढता थोडा वेळ काही बोलला नाही.

मग म्हणाला, “पण आपली तिकिटं तर फुकट होती ना?”