ओळखीचे रस्ते आणि नवे रस्ते : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. वयानुसार जागांची, म्हणजे ठिकाणांची आणि रस्त्यांची, स्मृती मंदावते, म्हणून रस्ते लक्षात ठेवायचा सराव करावा, असं मी लेखात म्हटलं होतं. त्यावर तुमचे दोन आक्षेप आहेत. ऐंशी उलटलेले तुमचे वडील परिसरात न चुकता फिरतात, म्हणजे स्मृती मंदावते हे विधान चूक. आणि मेंदूतल्या पेशी मरणारच असतील, तर सराव कशाला?

वडिलांचं उदाहरण खरं आहे, पण त्यातून तुमचा निष्कर्ष निघत नाही. हिप्पोकॅम्पस हा मेंदूतला स्मृतीशी निगडित भाग लागतो तो मुख्यतः जागेचा नवा नकाशा मनात तयार करायला. १९९९ सालच्या एका अभ्यासातल्या रुग्णाचा दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पस निकामी झाला होता. तरी लहानपणीच्या वस्तीतले रस्ते, नेहमीचा रस्ता बंद असल्यास पर्यायी रस्तासुद्धा, तो अचूक सांगायचा. आजारानंतर राहायला गेलेल्या भागातलं मात्र काहीच सांगता येईना. वडिलांची खरी परीक्षा अनोळखी इमारतीत होईल: एका वाटेने आत न्या आणि त्याच वाटेने त्यांना पुढे ठेवून बाहेर या.

पेशींचं म्हणाल, तर म्हाताऱ्या उंदरांत स्मृती ढासळलेली असूनही हिप्पोकॅम्पसमधल्या पेशींची संख्या तरुण उंदरांइतकीच आढळली आहे. कमी होतात त्या पेशींमधल्या जोडण्या. त्यामुळे दोन सारखे दिसणारे कॉरिडॉर वेगवेगळे नोंदले जात नाहीत. म्हाताऱ्या उंदराला त्याच जागी परत सोडलं, तर कधीकधी मेंदूत भलताच नकाशा जागा होतो! सराव करायचा तो इथेच.

नव्या ठिकाणी प्रत्येक वळणावर थांबा, मागे वळून पाहा. परतताना तेच दृश्य समोर असणार आहे. खूण हलणारी नको, म्हणजे उभी गाडी किंवा जाहिरातीचा फलक नको. घरी आल्यावर कोऱ्या कागदावर नकाशा काढा, मगच मोबाईलवर ताडून पाहा. चुकलेलं वळण दुरुस्त करणं हाच यातला सर्वांत उपयोगी भाग. नेव्हिगेशन वापरायचं तर निघण्याआधी संपूर्ण रस्ता पाहून घ्या आणि आवाज बंद ठेवा.

चालण्याबद्दलही विचारलं आहे. २०११ सालच्या प्रयोगात आठवड्यातून तीन दिवस, ४० मिनिटांपर्यंत भरभर चालणाऱ्या ज्येष्ठांचा हिप्पोकॅम्पस वर्षभरात सुमारे २ टक्के वाढला. नुसतं स्ट्रेचिंग करणाऱ्यांचा १.४ टक्के घटला. पण स्मृतिचाचणीत दोन्ही गट सारखेच सुधारले, त्यामुळे चाललं की काम झालं असं समजू नका.

ओळखीच्या रस्त्यावरच वडील चुकू लागले, तर मात्र ते वयावर ढकलू नका. डॉक्टरांकडे न्या, बी-१२ आणि थायरॉईड तपासून घ्या. झोपेच्या आणि ॲलर्जीच्या काही गोळ्यांनीही गोंधळ वाढतो, म्हणून चालू असलेली सगळी औषधं सोबत न्या.