ट्रॅक्टर पोटापर्यंत रुतवण्याची शास्त्रशुद्ध पद्धत

कोथरूड किंवा औंध येथे राहून मुळशी तालुक्यात दीड एकर भातखाचर घेतलेल्या आणि यंदा चिखलणी, म्हणजे लावणीआधी खाचरात पाणी धरून माती कालवण्याचे काम, स्वतःच्या हाताने करण्याचा संकल्प सोडलेल्या सुज्ञ वाचकांसाठी हे मार्गदर्शन आहे. रुतलेला ट्रॅक्टर बाहेर कसा काढावा, हे गावातील कोणीही सांगेल. मात्र जो पंधरा मिनिटांत निघाला असता तो अंधार पडेपर्यंत आत ठेवायचा असेल, तर चिकाटी, आत्मविश्वास आणि कोणाचेही न ऐकण्याची सवय लागते. पुण्यात या तिन्हींची टंचाई कधी जाणवलेली नाही.

सुरुवात जागेच्या निवडीपासून करावी. वर्षानुवर्षे चिखलणी होत आलेल्या खाचरात वरच्या मऊ चिखलाखाली, साधारण वीतभर खोलीवर, तुडवून तुडवून घट्ट झालेला एक थर असतो. भाताचे पाणी तोच धरून ठेवतो आणि ट्रॅक्टरचे २ टन वजनही तोच पेलतो, त्यामुळे तो शाबूत आहे तोवर आपले काम अवघड आहे. यासाठी उन्हाळ्यातच जेसीबी बोलावून दोन खाचरांमधला बांध काढून टाकावा, उंच भाग खरवडून सखल भागात भराव टाकावा आणि सलग प्लॉट झाल्याचे समाधान मानावे. पाऊस लागला की हा भराव आतून पाणी पितो आणि वरून मात्र शेजारच्या खाचरासारखाच निरागस दिसतो. किती पाऊस झाला असेल, याचा अंदाज घराच्या गॅलरीतूनच बांधावा. पुणे शहरात वर्षभरात मिळून सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि मुळशीतल्याच ताम्हिणी घाटाच्या बाजूला जुलैचे काही दिवस तेवढ्याला पुरतात, असले तपशील मनात आणून उत्साह घालवू नये.

चिखलणीसाठी मागच्या चाकांना लावायची लोखंडी जाळीची चाके, म्हणजे केज व्हील, जड आणि अवजड असतात. ती शेडमध्येच राहू द्यावीत. टायरमधली हवाही रस्त्यावर ट्रॉली ओढताना भरली होती तेवढीच ठेवावी. शेतात मागच्या टायरला १२ ते १४ पौंड हवा पुरते, आणि हवा कमी असली की टायर पसरून अधिक जमिनीवर टेकतो. आपल्याला तर तो टेकायला नकोच आहे.

आता मुख्य प्रसंग. चाक जागच्या जागी फिरू लागले आणि ट्रॅक्टर पुढे सरकेनासा झाला, की तत्काळ भरपूर रेस द्यावी. अननुभवी माणूस या क्षणी क्लच दाबून खाली उतरतो आणि चाकांकडे पाहतो. त्याचा ट्रॅक्टर अर्थातच बाहेर निघतो. आपण रेस देत राहिल्यास टायरच्या उंच पट्ट्यांमधल्या खाचा चिखलाने भरतात, टायर तुळतुळीत होतो आणि पकड संपल्यामुळे प्रत्येक फेऱ्याला तो केवळ खाली खणत जातो. मागचे रोटाव्हेटर, म्हणजे माती कालवणारे फिरत्या पात्यांचे अवजारही, वर उचलू नये. हायड्रॉलिकचा दांडा ओढायला क्षणभर लागतो खरा, पण चिखलात गाडलेल्या अवजाराने जहाजाचा नांगर टाकल्याचे काम फुकटात होते. थोड्याच वेळात ट्रॅक्टरचे पोट चिखलावर टेकते, खालची हवा निघून जाते आणि चिखल त्याला खालून धरून ठेवतो.

काही विघ्नसंतोषी मंडळी या टप्प्यावर डिफरेन्शियल लॉकचे नाव काढतील. एक चाक सैल चिखलात भिरभिरत असताना दुसरे घट्ट जमिनीवर स्वस्थ उभे राहते, आणि हे लॉक दोन्ही चाकांना एकाच वेगाने फिरायला लावते. त्याचा खटका पायाजवळच असतो, म्हणून पाय तिथून लांब ठेवावा. दाबायचाच असेल, तर चाके थांबलेली असताना न दाबता ती भरधाव फिरत असताना आणि स्टीअरिंग पूर्ण वळवून दाबावा, म्हणजे चिखलाबरोबर गिअरचेही काम निघेल. डाव्या आणि उजव्या ब्रेकचे पेडल वेगळे असते ते कशासाठी, हाही विचार करू नये. फिरणाऱ्या बाजूचा ब्रेक हलकेच दाबला की थोडी ताकद दुसऱ्या चाकाकडे जाते, ही माहिती आपल्या उद्दिष्टाला बाधक आहे.

मागच्या दोन्ही चाकांना साखळीने आडवा ओंडका बांधून गाडी पुढे घ्यावी, असाही सल्ला कोणीतरी देईल. इथे मात्र उपरोध बाजूला ठेवतो. ओंडका अडला आणि चाके फिरेनाशी झाली, की इंजिनाची ताकद ट्रॅक्टरचे तोंडच वर उचलते, आणि ट्रॅक्टर मागे उलटायला सुमारे दीड सेकंद पुरतो. तेवढ्यात उडी मारता येत नाही. दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढताना साखळी त्याच्या ड्रॉबारऐवजी, म्हणजे मागे खाली असलेल्या ओढपट्टीऐवजी, वर अवजार जोडायच्या टॉप लिंकपाशी अडकवली, तरी परिणाम तोच होतो. ताणलेली वायर रोप तुटली तर ती कोणाच्या अंगावर येईल, हे तिचे तिलाच माहीत. त्यामुळे बघ्यांना लांब उभे करावे.

परत आपल्या कामाकडे वळू. एव्हाना बांधावर शेजारचे एखादे बाबा कुदळ आणि ऐनाच्या झाडाचा टहाळ घेऊन आलेले असतात. “साहेब, रेस देऊ नका, आधी पोट मोकळं करा,” एवढेच ते म्हणतील. त्यांना पोटाखालचा चिखल उकरू दिला, चाकांमागे उतार करून त्यात टहाळ दाबू दिला आणि आल्या चाकोरीनेच लो गिअरमध्ये हळूहळू मागे घेऊ दिले, तर सगळ्या मेहनतीवर पाणी पडेल. त्यांना चहा पाजून वाटेला लावावे आणि जेसीबीवाल्याला फोन करावा. त्याचे तास तो घरून निघाल्यापासून मोजले जातात. बांधाजवळच्या ओल्या भरावावर त्याने थोडे पुढे यावे असा आग्रह धरल्यास तोही रुतण्याची चांगली शक्यता असते, आणि मग पौडहून दुसरा मागवता येतो.

ट्रॅक्टर निघाल्यावर तो धुऊ नये. चिखल चाकांवर वाळू द्यावा, म्हणजे पुढच्या चाकांच्या बेअरिंगमध्ये पाणी गेले आहे की नाही याची चौकशी दिवाळीपर्यंत लांबते. खाचरातला खड्डाही दगड-मुरूम टाकून भरण्याच्या भानगडीत न पडता वरवर सारवून घ्यावा, कारण पुढच्या जुलैत नवी जागा शोधण्याचे श्रम त्यामुळे वाचतात.