"साखर बंद करा, गोळ्या सोडा" या मेसेजला एकेक मुद्दा घेऊन उत्तर

सध्या एक मेसेज सगळीकडे फिरतोय, बऱ्याच जणांनी वाचला असेल. त्यात थोडक्यात असं म्हटलंय की डिप्रेशन, बायपोलर, स्किझोफ्रेनिया हे मनाचे आजार नाहीतच, मेंदूला एनर्जी मिळत नाही म्हणून ते होतात. पेट स्कॅन केला किंवा रक्तातलं लॅक्टेट (शरीरात ऊर्जा तयार होताना बनणारं एक द्रव्य) बघितलं की निदान पक्कं होतं पण डॉक्टर मुद्दाम करत नाहीत. भात, पोळी, साखर बंद करून किटो, म्हणजे अगदी कमी कार्बचं आणि जास्त फॅटचं डाएट, केलं की आजार जातो आणि हे अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाने सिद्ध केलंय. आणि मेटाबॉलिझम मुळात गोळ्यांनीच बिघडतं, तेव्हा गोळ्या सोडा. माझा धाकटा भाऊ बायपोलरसाठी (यात मन कधी खूप उसळतं, कधी खूप खचतं) बरीच वर्षं लिथियमवर आहे, त्यामुळे हे वाचून मला गप्प बसवत नाही.

पहिला मुद्दा एनर्जीचा. यात तथ्य आहे. मेंदूचं वजन शरीराच्या २ टक्के, पण आपण नुसते बसलेलो असताना जी ऊर्जा खर्च होते तिच्यातली जवळपास २० टक्के एकटा मेंदू वापरतो. औषध चालू नसलेल्या बायपोलर पेशंट्सच्या मेंदूत लॅक्टेट जास्त दिसतं हे २००४ मध्येच छापून आलंय. स्किझोफ्रेनियाचा पहिलाच एपिसोड, अजून एकही गोळी पोटात गेलेली नाही, अशा लोकांमध्येही सरासरीने साखरेचं गणित थोडं बिघडलेलं सापडतं. आणि हेन्री मॉडस्ली या ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञाने तर १८७९ मध्येच लिहून ठेवलंय की ज्या घराण्यांत वेड आहे तिथे मधुमेहही बरेचदा दिसतो. पण दोन गोष्टी सोबत दिसल्या म्हणजे एक दुसरीचं कारण झाली असं होत नाही ना. जो माणूस चार रात्री झोपलेला नाही, धड जेवत नाही, सिगारेटवर सिगारेट ओढतोय त्याचं मेटाबॉलिझम आजारामुळेही बदलणारच. आधी काय आणि नंतर काय हे अजून ठरलेलं नाही, मेसेजमध्ये मात्र ठरून गेल्यासारखं लिहिलंय.

आता स्कॅन. पेट स्कॅनमध्ये किरणोत्सारी फ्लोरिन लावलेलं ग्लुकोजसारखं द्रव्य शिरेतून देतात आणि मेंदूचा कुठला भाग ते किती ओढून घेतो ते बघतात. यातून खूप सुंदर गोष्टी कळल्यात. १९९२ मध्ये लॉस एंजेलिसच्या एका टीमने ओसीडीच्या (तेच तेच विचार येणं आणि त्याच त्याच कृती कराव्या लागणं) पेशंट्सचे उपचाराच्या आधी आणि नंतर असे स्कॅन केले, काहींना फ्लुओक्सेटिन हे औषध दिलं होतं आणि काहींना फक्त बिहेवियर थेरपी, म्हणजे भीती वाटत असतानाही हात न धुता थांबायची प्रॅक्टिस वगैरे, आणि ज्यांना बरं वाटलं त्या दोन्ही गटांत कॉडेट नावाच्या भागातला ग्लुकोजचा वापर कमी झालेला दिसला. नुसत्या सरावाने मेंदूतला ग्लुकोजचा हिशोब बदलतो, मला अजूनही हे वाचून भारी वाटतं. मग २०१३ मध्ये अमेरिकेत डिप्रेशनच्या अभ्यासात असं दिसलं की मेंदूतल्या उजव्या इन्सुला नावाच्या भागात ग्लुकोजचा वापर कमी असलेल्यांना सीबीटी (विचार-वागणं बदलायला शिकवणारी बोलण्याची थेरपी) लागू पडली आणि जास्त असलेल्यांना एस्सिटालोप्रॅम हे डिप्रेशनचं औषध.

तर मग सगळ्यांचे स्कॅन का करत नाहीत? कारण हे सगळे गटाच्या सरासरीचे आकडे आहेत. पुरुषांची सरासरी उंची बायकांपेक्षा जास्त असते, पण समोरची व्यक्ती पाच फूट चार इंच आहे एवढंच सांगितलं तर ती बाई की पुरुष हे ओळखता येईल का? तसंच. आजार असलेल्यांचे आणि नसलेल्यांचे आकडे एकमेकांत इतके मिसळलेले असतात की एकट्या पेशंटचा रिपोर्ट बघून निदान होत नाही, आणि अमेरिकन सायकियाट्रिक असोसिएशनच्या तज्ज्ञगटानेही २०१८ मध्ये हेच सांगितलं. रक्तातल्या लॅक्टेटचं तर विचारूच नका, जिना चढून आलात किंवा रक्त काढताना मूठ जोरात आवळून धरली तरी ते वाढतं, आणि त्यावरून मेंदूतलं लॅक्टेट कळतही नाही, त्यासाठी एमआरआय मशीनवर वेगळी तपासणी करतात.

स्कॅन कामाचा कुठे आहे तर पन्नाशी-साठीत एखाद्याचा स्वभावच अचानक पालटला, भलतंच वागायला लागला, तेव्हा फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया (मेंदूचा पुढचा आणि बाजूचा भाग झिजत जाण्याचा आजार) आहे का हे बघायला. आणि साध्या तपासण्या आहेतच की, थायरॉइड, बी१२, ज्याची कमतरता आपल्याकडे शाकाहारी घरांत सर्रास असते. एक अभ्यास मात्र माझ्या मनात घर करून आहे. पिट्सबर्गच्या डॉक्टरांनी २०१६ मध्ये कुठल्याच उपचाराला दाद न देणाऱ्या डिप्रेशनच्या ३३ पेशंट्सच्या मणक्यातलं पाणी तपासलं तर १२ जणांच्या मेंदूपर्यंत फोलेट (ब गटातलं एक जीवनसत्त्व) पुरेसं पोचतच नव्हतं, रक्तात ते ठीक असूनही, आणि फोलिनिक ॲसिड (फोलेटचंच एक रूप) दिल्यावर त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना फरक पडला. मार्कर, म्हणजे तपासणीत दिसणारी खूण, असा असावा, ज्याच्यामुळे पुढचा उपचार बदलतो.

तिसरा मुद्दा किटो आणि स्टॅनफर्ड. तो अभ्यास २०२४ चा आहे, खरा आहे. पण त्यात २१ जण होते, चार महिने डाएट केलं, तुलनेला दुसरा गटच नव्हता, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे त्यांची औषधं चालूच होती! मेसेजमधून नेमकं हेच गाळलंय. किटो मिरगीसाठी १९२१ पासून वापरात आहे आणि मिरगीची काही औषधं बायपोलरमध्येही चालतात, त्यामुळे आशा ठेवायला जागा आहे, मोठ्या चाचण्या व्हायलाच हव्यात असं मला मनापासून वाटतं. तुलनेचा गट का लागतो ते इन्सुलिन कोमाच्या गोष्टीत दिसतं. १९३३ च्या सुमारास व्हिएन्नाच्या मॅनफ्रेड साकेलने स्किझोफ्रेनियाच्या पेशंट्सना इन्सुलिन देऊन साखर इतकी खाली आणायची की ते कोमात जातील आणि मग ग्लुकोज देऊन उठवायचं असा उपचार काढला, जगभर वीसेक वर्षं तो चालला, लोक दगावले सुद्धा. १९५७ मध्ये लंडनच्या डॉक्टरांनी निम्म्यांना इन्सुलिनचा कोमा दिला आणि निम्म्यांना दुसऱ्या औषधाने तसंच बेशुद्ध केलं, तर दोन्हीकडे निकाल सारखाच. इन्सुलिनचा काही संबंधच नव्हता.

शेवटचा मुद्दा सगळ्यात धोक्याचा. ओलॅन्झापिन, क्लोझापिन या स्किझोफ्रेनियासारख्या आजारांवरच्या गोळ्यांनी वजन आणि साखर वाढते हे अगदी खरंय आणि पेशंटने त्याबद्दल डॉक्टरांकडे हट्टाने विचारायलाच पाहिजे. वजन, कंबरेचा घेर, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर) वेळच्या वेळी बघतात का, मेटफॉर्मिन (मधुमेहाची गोळी) चालेल का, गोळी बदलता येईल का. पण म्हणून गोळी आपल्या मनाने सोडायची नाही. लिथियम अचानक थांबवलं की मेनिया, म्हणजे झोप उडून माणूस बेभान होण्याचा टप्पा, उसळून यायचा धोका असतो.

आणि लिथियम चालू ठेवून घरच्या घरी किटो केलं तरी धोका आहे, हे त्या मेसेजमध्ये कुठेच नाही. किटोच्या सुरुवातीला शरीरातून मीठ आणि पाणी भराभर जातं, मीठ कमी पडलं की किडनी लिथियम धरून ठेवते आणि रक्तातलं प्रमाण चढत जातं. जुलाब, निर्जळी उपास, आयब्युप्रोफेनसारखी पेनकिलर यांनीही हेच होतं. माझ्या भावाला एका उन्हाळ्यात पोट बिघडल्यावर हात इतके थरथरायला लागले की चहाचा कप धरता येईना, आम्हाला वाटलं अशक्तपणा असेल, तपासलं तर लेव्हल १.७ आली, जी त्याची एरवी ०.७-०.८ असते. ही तपासणी साधी आहे, रात्रीच्या गोळीनंतर १२ तासांनी, सकाळची गोळी घ्यायच्या आधी रक्त द्यायचं.

तेव्हा तुमच्या घरात कोणी लिथियमवर असेल आणि हे वाचून डाएट आधीच सुरू केलं असेल तर रागावू नका, डॉक्टरांना आजच फोन करून सांगा आणि लेव्हल करून घ्या. उलट्या, जुलाब, थरथर, बोलताना जीभ जड होणं, चालताना तोल जाणं यातलं काही दिसलं तर थेट हॉस्पिटल, गोळ्यांची पाकिटं सोबत न्या. गोळ्या सोडाव्याशा वाटतायत पण डॉक्टरांशी बोलायची भीती वाटते असं असेल तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६ आहे, फुकट आहे, २४ तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं.