स्प्रिंग ब्रेकला आई-बाबा इथे असतील तर बोट बुक करू नका, धक्का शोधा

मार्चची सुट्टी जवळ आली की अमेरिकेतल्या मराठी घरांत ठरलेला बेत शिजतो: पाच दिवस, चार शहरं, बाराशे मैल ड्रायव्हिंग. मागच्या सीटवर आई-बाबा, त्यांच्यामध्ये कार सीटमधलं नातवंड. तिसऱ्या दिवशी बाबांचे पाय सुजलेले असतात आणि मुलं टॅब्लेटमध्ये बुडालेली असतात. आई "माझं काही नाही रे, तुम्ही जाऊन या" म्हणत हॉटेलवर थांबते. मला ही सुट्टी चुकीची वाटते. तीन पिढ्या बरोबर असतील तर एकच तळं निवडा, तिथे तीन रात्री राहा आणि सगळ्यांच्या हातात गळ द्या. सत्तरीतला माणूस आणि सहा वर्षांचं पोर एकाच वेळी, एकाच जागी आणि सारख्याच उत्सुकतेने करू शकतील अशा गोष्टी फार थोड्या आहेत. पाण्यावरच्या बॉबरकडे, म्हणजे दोरीला लावलेल्या तरंगत्या चेंडूकडे, बघत बसणं ही त्यातली एक.

बऱ्याच लोकांचा पहिला विचार बोटीचा असतो. वयस्कर माणसांसाठी धक्क्यावरून हलत्या बोटीत पाऊल टाकणं हाच सगळ्यात धोक्याचा क्षण असतो. एकदा चढलं की चार तास बाथरूम नाही. रक्तदाबासाठी पाणी उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर माणूस पाणी पिणंच टाळतो आणि उन्हात त्याला चक्कर येते. त्यापेक्षा स्टेट पार्कमधला मासेमारीचा धक्का घ्या, इथे त्याला फिशिंग पिअर म्हणतात. अपंगांसाठीच्या नियमांप्रमाणे बांधलेल्या पिअरवर किमान एक चतुर्थांश कठडा ३४ इंचांपेक्षा उंच नसतो, म्हणजे खुर्चीत बसूनही गळ टाकता येतो. पार्कच्या नकाशावर व्हीलचेअरचं चिन्ह असलेला पिअर शोधा, मग पार्किंगपासून तो किती दूर आहे आणि बाथरूम कुठे आहे ते बघा. या तीन गोष्टी जमल्या तर बाकीचं जमतं. खुर्च्या घरून न्या, पण बीचवरच्या बुटक्या नकोत. गुडघे दुखणाऱ्या माणसाला त्यातून उठता येत नाही. बैठक १७-१८ इंच उंच हवी आणि हात टेकायला दांडे हवेत.

केबिनचं बुकिंग उशिरा सुचतं आणि तिथेच बेत फसतो. टेक्सासच्या स्टेट पार्कमध्ये मुक्कामाचं आरक्षण पाच महिने आधी उघडतं. फ्लोरिडात तिथल्या रहिवाशांना ते अकरा महिने आधी मिळतं, बाहेरच्यांना दहा. स्प्रिंग ब्रेकच्या तारखा प्रत्येक स्कूल डिस्ट्रिक्टच्या वेगळ्या असतात, म्हणून शाळेचं कॅलेंडर हातात पडेल त्याच दिवशी बघा. केबिन उरल्या नसतील तर पार्कजवळच्या मोटेलमध्ये राहून दिवसाच्या पासवरही हे सगळं जमतं.

आता परवाना. आपल्या लोकांची सगळ्यात जास्त चूक इथेच होते. "बाबा पासष्टच्या वरचे आहेत, त्यांना फुकट" असं गृहीत धरलं जातं. फ्लोरिडातली ६५ वर्षांची सवलत फक्त तिथल्या रहिवाशांना आहे. व्हिजिटर व्हिसावर आलेल्या आई-बाबांना नॉन-रेसिडेंट परवाना लागतो: गोड्या पाण्यासाठी तीन दिवसांचे १७ डॉलर, सात दिवसांचे ३०, वर थोडी हाताळणी फी. मुलांची वयाची मर्यादाही राज्याप्रमाणे बदलते. फ्लोरिडा आणि जॉर्जियात १६ पासून परवाना लागतो, टेक्सासमध्ये १७ पासून आणि टेनेसीत तर १३ पासूनच. म्हणजे टेनेसीला जाणाऱ्या कुटुंबाला आठवीतल्या मुलासाठीही परवाना काढावा लागू शकतो. "ते नुसते धरून बसलेत" हे कारण चालेल यावर विसंबू नका. ज्याच्या हातात गळ, त्याच्या नावावर परवाना.

यातून सुटायचे कायदेशीर मार्गही आहेत आणि ते माहीत असायला हवेत. टेक्सासमध्ये स्टेट पार्कच्या आत काठावरून किंवा पिअरवरून मासे धरायला कोणालाच परवाना लागत नाही, पाहुण्यांनाही नाही. शिवाय तिथली अनेक पार्कं गळ, रीळ आणि सामानाची पेटी सात दिवसांपर्यंत उसनी देतात. फ्लोरिडात एप्रिलच्या पहिल्या शनिवार-रविवारी गोड्या पाण्यात विनापरवाना मासेमारी करता येते. खाऱ्या पाण्यावरच्या ज्या पिअरने स्वतःचा परवाना घेतलेला असतो, तिथे आपल्याला वेगळा लागत नाही. पाटी वाचा, नसेल तर खिडकीवर विचारा. नॅशनल पार्कमध्ये जाणार असाल तर ६२ वर्षांवरच्यांचा सीनियर पास नागरिक आणि ग्रीन कार्डवाल्यांसाठीच आहे, पाहुण्या आई-बाबांना तो मिळत नाही. ग्रेट स्मोकी माउंटन्समध्ये जिवंत आमिषाला बंदी आहे. तिथे एका गळाचं कृत्रिम आमिषच चालतं, म्हणून गांडुळांचा डबा गाडीतच ठेवा. पहिल्या खेपेसाठी ती जागा मी सुचवणार नाही.

मोठ्या माशाच्या मागे लागू नका. तुम्हाला ब्लूगिल आणि त्याचे भाऊबंद हवेत, तळहाताएवढे चपटे सनफिश. ते काठाजवळ असतात, दिवसा खातात आणि वारंवार गळाला लागतात. वसंतात त्यांच्या जोडीला क्रॅपी येतो. पाणी साठ अंश फॅरनहाइटच्या पुढे गेलं की तो अंडी घालायला उथळ पाण्यात, झाडाझुडपांच्या आसपास येतो. मुलांना पहिल्या वीस मिनिटांत एक तरी मासा दिसायला हवा. नाही दिसला तर ती दगड फेकायला लागतात आणि मग मासे खरंच येत नाहीत.

पहाटे पाचला सगळ्यांना उठवण्याची गरज नाही. हा नियम उन्हाळ्याचा आहे. मार्चमध्ये रात्रीचं पाणी थंड असतं, मासे सुस्त असतात, आणि दुपारी एक ते पाच ही सगळ्यात चांगली वेळ असते. तळ्याचा उत्तरेकडचा उथळ काठ आधी तापतो, कारण दक्षिणेकडून येणारं ऊन त्याच्यावर पडतं आणि उत्तरेचा गार वारा तिथे अडतो. आजी-आजोबांना निवांत चहा, नाष्टा आणि गोळ्या घेऊन अकराला निघता येतं. थंडीची लाट येऊन गेल्यावरचा स्वच्छ निळ्या आकाशाचा दिवस दिसायला सुंदर असतो, पण मासेमारीला वाईट. त्या दिवशी आमिष छोटं करा, गळ नेहमीपेक्षा फूटभर जास्त खोल सोडा आणि फार आशा धरू नका. ट्रेलवर फिरायला जायला तो दिवस उत्तम.

सामानात लोकांचे पैसे वाया जातात. मुलांना साडेचार-पाच फुटी काठी आणि बटणवालं स्पिनकास्ट रीळ पुरे, त्यावर ६ पौंडांचा ताण सोसणारी मोनो, म्हणजे एकपदरी नायलॉनची दोरी. बटण दाबून धरायचं, काठी खांद्यावरून मागे न्यायची, आणि पुढे आणताना ती समोर तिरकी वर रोखलेली असताना बटण सोडायचं. लवकर सोडलं तर आमिष आकाशात जातं, उशिरा सोडलं तर पायाशी आपटतं. टाकल्यावर हँडल अर्धा फेरा फिरवायला विसरू नका, नाहीतर दोरी सुटत राहते आणि मासा आमिष खाऊन निघून जातो.

आजी-आजोबांसाठी माझा आग्रह वेगळा आहे. सांधेदुखीच्या अंगठ्याला ते बटण दाबवत नाही. त्यांना रीळ नसलेली, दहा-बारा फुटांची सरळ काठी द्या, बांबूची किंवा घडीची. टोकाला काठीपेक्षा जरा आखूड दोरी बांधली की फेकायचा प्रश्नच उरत नाही, नुसतं समोर सोडायचं. कोकणातल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. गरी घेऊन गरवायला बसणं म्हणजे हेच, आणि इथे नातवंडांना शिकवायची पाळी आजोबांची असते. वसंतात मासे काठापासून दहा-पंधरा फुटांतच असल्यामुळे ही साधी काठी महागड्या रिळाच्या बरोबरीने मासे देते, कधीकधी जास्तच.

दोरीच्या टोकाची मांडणी नीट करा, कारण "इथे मासेच नाहीत" ही तक्रार बहुतेक वेळा तिथून येते. गळ ८ किंवा १० नंबरचा, लांब दांड्याचा. नंबर जितका मोठा तितका गळ लहान. दुकानातल्या तयार पाकिटात हमखास मोठे गळ असतात आणि ब्लूगिलचं तोंड वाटाण्याएवढं असतं. गळाच्या सहा-आठ इंच वर वजनासाठी एक छोटा मणी दोरीवर चिमटवा, शिशाऐवजी टिनचा घ्या, कारण मुलं तो दातांनी दाबतात. त्याच्या वर दोन-तीन फुटांवर बॉबर. बॉबर इंचभर व्यासाचा किंवा त्याहून लहान आणि वजनाने अर्धा बुडालेला हवा. लिंबाएवढा लाल-पांढरा चेंडू लावला तर मासा आमिष ओढतो, त्याला जोर लागतो आणि तो लगेच थुंकतो. बॉबर नुसता थरथरतो, बुडत नाही, असं दिसलं की तो मोठा आहे किंवा गांडूळ लांब आहे. अख्खं गांडूळ लावू नका. अर्धा इंच तुकडा गळावर मोज्यासारखा चढवा, लोंबतं शेपूट ठेवू नका. घरात कोणाला गांडूळ नको असेल तर डब्यातला मक्याचा दाणा किंवा कणकेची घट्ट गोळी चालते, फक्त ती पाण्यात लवकर विरघळते, म्हणून दर पाच मिनिटांनी बघावं लागतं. दहा मिनिटं काहीच हाललं नाही तर जागा बदलण्याआधी बॉबर सहा इंच वर सरकवा.

गाठ आदल्या रात्री केबिनच्या दिव्याखाली मारा. दोरी गळाच्या डोळ्यातून ओवा, मूळ दोरीभोवती पाच वेढे द्या, टोक डोळ्याजवळच्या छोट्या फटीतून आणि मग तयार झालेल्या मोठ्या फासातून काढा. ओढण्याआधी थुंकीने ओली करा. कोरडी गाठ घासून तापते आणि तिथेच कमजोर होते. मासा सुटला आणि दोरीचं टोक डुकराच्या शेपटीसारखं कुरळं आलं तर गाठ सुटली होती. टोक खरबरीत, विस्कटलेलं असेल तर दोरी कशावर तरी घासली गेली. दहा-बारा गळ आधीच बांधून फोमच्या तुकड्यात टोचून ठेवा, म्हणजे पिअरवर थरथरत्या बोटांनी कोणाला ओवत बसावं लागणार नाही.

गळाचा उलटा काटा पकडीने दाबून सपाट करा. एक-दोन मासे जास्त सुटतील, सुटू द्या. त्याच्या बदल्यात बोटात घुसलेला गळ सहज निघतो. काटा तसाच असेल आणि तो आत रुतला, विशेषतः डोळ्याजवळ किंवा सांध्यावर, तर ओढू नका, दोरी कापून अर्जंट केअरला जा. गळ टाकणाऱ्या दोघांमध्ये सहा-आठ फूट अंतर हवंच. मूल काठी मागे नेतं तेव्हा मागून कोणी चालत नसावं, आणि टोपी-चष्मा सगळ्यांना. बहुतेक अपघात माशामुळे नाही, मागे बसलेल्या माणसाकडे न बघितल्यामुळे होतात. मासा धरताना हात ओले करा, ब्लूगिलच्या पाठीचे काटे डोक्याकडून शेपटीकडे दाबत घ्या. कॅटफिश आला तर त्याच्या बाजूच्या परांपासून जपून, मिशा निरुपद्रवी आहेत.

पोहता न येणाऱ्या प्रत्येकाला पिअरवरही लाइफ जॅकेट घाला, मोठ्यांना सुद्धा. मार्चचं पाणी गार असतं, अचानक पडलेल्या माणसाचा श्वास अडकतो आणि तो धापा टाकत पाणी गिळतो. मुलाला घातल्यावर खांद्याच्या पट्ट्या धरून उचलून बघा. जॅकेट कानापर्यंत सरकलं तर ते सैल आहे. पोटाला पट्ट्यासारखं बांधायचं हवेने फुगणारं जॅकेट सुटसुटीत दिसतं, पण ते न पोहणाऱ्यांसाठी आणि १६ वर्षांखालच्यांसाठी नाही. आईंना साडीऐवजी पंजाबी ड्रेस किंवा पँट घालायला सांगा. ओली साडी पायात गुंडाळते आणि जड होते, ओल्या फळ्यांवर तर कोरडी साडीसुद्धा घात करते. फ्लोरिडात कडेच्या पाण्यात माशाचे तुकडे किंवा उरलेलं खाणं टाकू नका. मगरींना खायला घालणं तिथे गुन्हा आहे आणि त्यामुळे त्या माणसाजवळ यायला शिकतात. अंधार पडायच्या आत काठावरून उठा.

मासे ठेवायचे की सोडायचे हे घरात आधी ठरवा, पाण्याकाठी वाद नको. ठेवणार असाल तर मर्यादा बघा. टेक्सासमध्ये क्रॅपी साधारणपणे दिवसाला माणशी २५, किमान १० इंच, आणि काही तळ्यांचे नियम वेगळे. धरलेला मासा लगेच बर्फात घाला, दोरीत ओवून कोमट पाण्यात लोंबकळत ठेवला तर संध्याकाळपर्यंत मऊ पडतो. त्या तळ्यासाठी राज्याने पाऱ्याबद्दल सूचना दिली आहे का तेही वाचा. छोट्या ब्लूगिलमध्ये सहसा कमी पारा असतो, मोठ्या बास माशात जास्त. शाकाहारी मंडळींचा तवा वेगळा ठेवा. दशम्या-चटणी सोडण्याआधी सगळ्यांनी साबणाने हात धुवायचे.

निघताना कापलेल्या दोरीचे तुकडे गोळा करा. बऱ्याच पिअरवर त्यासाठी पांढऱ्या पाइपचा डबा लावलेला असतो. पक्षी आणि कासवं या दोरीत अडकतात, आणि तुकडे शोधण्यात मुलांचे डोळे आपल्यापेक्षा तेज असतात. उरलेली गांडुळं मात्र रानात सोडू नका, कितीही दया आली तरी. ती बाहेरची जात असते आणि जंगलातला पाचोळा संपवून टाकते. झाकण लावून कचऱ्यात टाका, आणि गाडीत बसण्याआधी सगळ्यांच्या गुडघ्यामागे, कानामागे आणि पँटच्या शिवणीत गोचीड आहे का ते बघा.