'दीड तास' या तक्रारीबद्दल, मालकिणीकडून

नमस्कार. तुम्ही दोन तारे दिलेत आणि लिहिलंत की साध्या माशाच्या सूपला दीड तास लावला, त्यात शेवया घालून दिल्या, वर सर्व्हिस चार्ज घेतला, आणि मराठी बाईचं हॉटेल म्हणून मुद्दाम बुडापेस्टहून सेंटेन्द्रेला आलो तर बाई बाहेर फिरकल्यासुद्धा नाहीत.

तुमच्यासोबतच्या आजींना उपाशीपोटी ताटकळावं लागलं, त्याबद्दल मनापासून माफी मागते. निदान ब्रेड तरी आधी टेबलावर यायला हवा होता. चूक आमचीच.

आता ते दीड तासाचं. त्या दिवशीच्या बिलाची प्रत आत्ता माझ्यासमोर आहे. तुम्ही बसलात ७ वाजून ५ मिनिटांनी. ऑर्डर दिलीत ७:४८ ला. सूप टेबलावर आलं ८:३६ ला. म्हणजे आमच्याकडून लागली ४८ मिनिटं. आधीची ४३ मिनिटं कुठे गेली ते सांगायला मला संकोच वाटतो, पण तुम्ही चारचौघांत लिहिलंत म्हणून सांगते. उन्हामुळे एकदा टेबल बदललं, डासांमुळे दुसऱ्यांदा. मग दुनेचा (डॅन्यूब नदीचा) काठ दाखवायला घरी व्हिडिओ कॉल झाला (भारतात तेव्हा रात्रीचे साडेदहा वाजून गेले असतील, तरी सगळे जागे होते, छान वाटलं). आमचा मुलगा वही घेऊन तीनदा येऊन परत गेला. टेबलं बदलल्याचा राग अजिबात नाही, नदीकाठी बसायचं तर जागा मनासारखी हवीच.

आणि ते सूप 'साधं' नाही हो. हालास्ले म्हणतात त्याला, कोळ्यांचा रस्सा. सेगेड शहराकडे छोटे मासे आणि कांदा आधी उकळून, गाळून रस्सा तयार ठेवतात. ऑर्डर आली की त्यात माशाचे तुकडे सोडायचे, पंधरा-वीस मिनिटांत काम होतं. माझे यजमान मात्र दक्षिणेकडच्या बायाचे. (हो, गावाचं नावच बाया. सांगलीला माहेरी यावर हसून झालंय.) तिथल्या रीतीत आधीचं काही नसतं. कार्प मासा, भरपूर कांदा आणि पाणी एकदमच कढईत. उकळी आली की पाप्रिका, आणि मग मोठ्या आचेवर चाळीस-पंचेचाळीस मिनिटं. चमचा घालायचा नाही, मासा मोडतो, कढईच धरून हलवायची. कार्पला बारीक काटे फार, म्हणून त्याआधी तुकड्यांना अगदी जवळजवळ चिरा द्याव्या लागतात, म्हणजे काटे शिजून जातात. आजींनी दोन वाट्या घेतल्या आणि एकही काटा लागला नाही, हे तुमच्या लिहिण्यात आलं असतं तर बरं वाटलं असतं. त्या 'शेवया' म्हणजे बायाची रीतच. मासा वेगळ्या ताटलीत, रस्सा शेवयांवर. सेगेडचे लोकही यावरून नाकं मुरडतात, तेव्हा तुमची नापसंती मी मनाला लावून घेत नाही. हे सूप ऑर्डरनंतर ताजं बनवतो आणि ४५ मिनिटं लागतात, असं मेनूवर छापलंय. अक्षर बारीक आहे, मान्य.

सर्व्हिस चार्ज १२ टक्के, तोही मेनूच्या पहिल्याच पानावर आहे. तो घेतल्यावर वेगळी टीप लागत नाही. तुम्ही ठेवलीही नाहीत, आणि तशी अपेक्षाही नव्हती.

मी बाहेर आले नाही, याचं मात्र मलाच वाईट वाटतंय. त्या संध्याकाळी आत मी एकटी होते. ती कढई मीच हलवत होते. दारातून तुमचं मराठी ऐकू येत होतं आणि गॅस सोडता येत नव्हता. इथला हंगाम थोड्या महिन्यांचा. सप्टेंबर २०२४ च्या पुरात किनाऱ्यावर तात्पुरती भिंत उभी राहिली आणि ऐन दिवसांत टेबलं आत गेली. तेव्हापासून हाताखाली माणूस ठेवलेला नाही. सांगलीत वाढलेली आहे, पुराचं रडगाणं गात नाही, पण दोन तारे बघून पुढची बस दुसरीकडे वळते, एवढं तुमच्या लक्षात यावं म्हणून लिहिलं.

मेनूचं अक्षर मोठं करून घेते, ब्रेडचंही बघते.

आणि तुमचा शेंगदाण्याच्या चटणीचा स्टीलचा डबा टेबलावर राहिला. ती चटणी तुम्ही हालास्लेमध्ये घातलेली मुलाने पाहिली आणि घाबरून आत सांगायला आला. मीही घालून पाहिली. वाईट नाही. झाकणावर नाव कोरलेलं आहे, ते इथे लिहीत नाही. पत्ता कळवलात तर डबा पोस्टाने पाठवते. चटणी मात्र यजमानांनी संपवली.